सत्ताविसावा गडी

१

पेटीचं कुलूप जागच्या जागी होतं, काच शाबूत होती, आणि आत स्कोअरबुक नव्हतं.

शुक्रवार, ३० सप्टेंबर २००५, सकाळचे आठ. मी आणि कॉरी 'दे रायखर' क्लबच्या कँटीनच्या दारात खिळल्यासारख्या उभ्या होतो. दे रायखर म्हणजे बगळा. बाडहूव्हडॉर्प या डच गावातला हा आमचा बेसबॉलचा क्लब. इथे त्या खेळाला होंकबाल म्हणतात. माझी लेक वैदेही तिथे खेळते, आणि मुलं खेळली की आईबापांनी पाळीपाळीने कँटीनमध्ये राबायचं, असा इथला शिरस्ता. त्याला बारडीन्स्ट म्हणतात. दुसऱ्या दिवशी मोठा सामना होता आणि पाळी माझी होती, म्हणून मी अर्धी रजा टाकून कांदे कापायला आले होते.

"वृंदा," कँटीन सांभाळणारी कॉरी कुजबुजली, "खाली बघ."

लाकडी जमिनीवर ओल्या पावलांचे ठसे होते. अनवाणी, पाचही बोटं उमटलेली. दारापासून निघून ते सरळ पेटीपर्यंत गेले होते. परत येणारं पाऊल मात्र एकही नव्हतं.

"तो आला होता," कॉरी म्हणाली आणि तिने माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ राहिला.

२

'तो' म्हणजे यान प्रिन्स. त्याला मरून बरोबर ब्याऐंशी वर्षं झाली होती.

आमचं मैदान कसं आहे ते आधी सांगायला हवं. हा सगळा मुलूख तळं उपसून काढलेला. मैदान खाली, उजव्या टोकाला उंच बांध, आणि बांधापलीकडे कालवा. म्हणजे पाणी आपल्या डोक्याच्या वर. इथे राहून चार वर्षं झाली तरी मला ते बघवत नाही. खाली उभं राहून वर बघावं तर होडी चाललेली दिसते. सप्टेंबर संपत आला की त्या पाण्यावरून पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला धुकं उतरतं आणि आधी बांध, मग मैदान गिळत येतं.

३० सप्टेंबर १९२३ ला आमचे बगळे आणि हार्लेमचे करकोचे यांचा सामना होता. करकोचा हे त्यांच्या क्लबचं नाव. सामना शेवटच्या डावात आला होता. आमच्या धावा चार, त्यांच्या तीन. क्रिकेटमध्ये दहा गडी बाद झाले की डाव संपतो, इथे तीनच. पण असे नऊ डाव. म्हणजे एका संघाचे सत्तावीस गडी बाद करायचे. सव्वीस झाले होते. तेवढ्यात धुकं उतरलं, आणि त्यांच्या फलंदाजाने चेंडू उंच मारला, उजवीकडे, बांधाच्या दिशेने. उजव्या टोकाला यान प्रिन्स होता, या खेळात सगळे क्षेत्ररक्षक घालतात तसा झेलायचा चामडी हातमोजा घालून. तो वर बघत धुक्यात धावत गेला आणि परत आलाच नाही. दोन दिवसांनी तो कालव्यात सापडला. पायांत बूट नव्हते.

सामना 'अपूर्ण' ठरला. स्कोअरबुकातली शेवटची चौकट कोरी राहिली. तेच पान उघडं ठेवून ती वही क्लबाने काचेत ठेवली होती. आणि उद्या, १ ऑक्टोबरला, दोन्ही क्लब तो सामना त्या कोऱ्या चौकटीपासून पुढे खेळून पुरा करणार होते. पेपरवाले येणार होते, नगरपालिकेची माणसं येणार होती.

पण सोमवारपासून काहीतरी भलतंच सुरू झालं. मैदानावरच्या जुन्या धावफलकावर टिनाचे आकडे हाताने टांगायचे असतात. सोमवारी सकाळी त्यावर तीन डावांचे आकडे टांगलेले सापडले. मंगळवारी सहा डावांचे, बुधवारी आठ. आकडे १९२३ च्या सामन्याचे. कोणीतरी रोज पहाटे तो सामना थोडा थोडा पुढे खेळत होतं.

गुरुवारी नववा डाव आला. आमच्या क्लबाच्या चार, त्यांच्या तीन, आणि शेवटचा खिळा रिकामा.

"हेट स्पोक्त हीर," वैदेही मला म्हणाली. भुताटकी आहे इथे. मी तिला घरी जाऊन गृहपाठ कर म्हटलं, पण सायकलचं कुलूप मी दोनदा ओढून पाहिलं.

३

क्लबचा अध्यक्ष रूड नऊ वाजता आला. साडेसहा फुटी माणूस, दारातून आत येताना सवयीने वाकतो.

"पोलिसांना बोलावलं तर उद्याचा कार्यक्रम संपला," तो म्हणाला. "वृंदा, तू कार्गोमधली हरवलेली खोकी शोधतेस ना? मग ही वही शोध. उद्या सामन्याआधी."

मी सामानाचा हिशेब ठेवणाऱ्या प्रणालीवर काम करते, खोकी खांद्यावर घेऊन फिरत नाही. पण हे सांगण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं, "किल्ल्या किती आहेत?"

"दोन. एक माझी, एक मेनेर प्रिन्सची. पेटीची किल्लीही त्याच जुडग्यात." मग म्हणाला, "त्यांची हरवली म्हणतात. काल विचारलं, तर खुशाल म्हणाले, हरवली. चौऱ्याऐंशीचे झाले. उद्या स्कोअररच्या टेबलावर त्यांना बसवता येणार नाही. मी हार्लेमहून दुसरा माणूस मागवलाय."

मेनेर म्हणजे श्रीयुत; हे हेन्ड्रिक प्रिन्स, बुडालेल्या यानचा मुलगा. बाप गेला तेव्हा दोन वर्षांचा. त्याच क्लबात साठ वर्षं स्कोअर लिहिणारा माणूस. ज्या सामन्यातून बाप परत आला नाही, तो पुरा होताना त्याने टेबलावर बसायचं नाही! मला संताप आला. रूडच्या तोंडावर तसं बोललेही.

"मग वही आण," रूड म्हणाला. "वही मिळाली तर ते बसतील."

संशय माझा रूडवरही होता. भुताच्या बातमीने गर्दी वाढणार होती, आणि किल्ली त्याच्याकडे होतीच. पण मी त्याच्या बुटांकडे पाहिलं. सत्तेचाळीस नंबरचे असतील. ठसे माझ्या पावलापेक्षा बोटभर मोठे, इतकेच.

कॉरीला गाठलं. तिने कॉफीचा मग दोन्ही हातांत धरला होता. "मी नको म्हणत होते," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाचा खेळ पुढे खेळू नये. काल सव्वासातला मी पाव घेऊन बांधावरून सायकलने येत होते. धुकं होतं. खाली मैदानात उजव्या टोकाला कोणीतरी उभं होतं. पांढरे कपडे, ढगळ. तोंड वर करून आभाळात बघत होतं. वृंदा, त्याच्या डोक्याला केस नव्हते. कान नव्हते. मग ते बांधाकडे चालायला लागलं, एकेक पाऊल मोजल्यासारखं, आणि मी पळाले."

कॉरी खोटं बोलत नव्हती. खोटं रचणारी बाई पाव आणि सव्वासात सांगत बसत नाही.

मी पुन्हा दाराशी गेले आणि बाहेरची पायरी नीट पाहिली. दगडी पायरी दवाने भिजून काळी पडली होती. दाराच्या डाव्या अंगाला मात्र तिच्यावर दोन लांबट फिके डाग होते, शेजारी शेजारी, नीट जुळवून ठेवल्यासारखे. तेवढीच जागा कोरडी होती.

भुताने आत जाण्यापूर्वी पायरीवर काहीतरी ठेवलं होतं.

४

मेनेर प्रिन्स चर्चमागच्या वृद्धांच्या घरात राहतात. काठी घेऊन दार उघडायला आले तेव्हाच माझ्या मनातून त्यांचं नाव गेलं. ठशांमध्ये काठीची खूण नव्हती आणि पावलं ठाम होती. तरीही मी विचारलं, किल्ली खरंच हरवली का?

"हरवली," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

"उद्या ते तुम्हाला बसू देणार नाहीत."

"रूड बोलला." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तुला ठाऊक आहे का, गावात काय म्हणायचे? चेंडू सुटला, सामना हातचा गेला असं वाटलं, म्हणून यान प्रिन्सने बूट काढले आणि पाण्यात उडी मारली. खेळासाठी बायकापोराला टाकून गेलेला माणूस. शाळेत मला पोरं विचारायची, तुझ्या बापाने चेंडू टाकला का रे? आई मरेपर्यंत बांधावरून गेली नाही. मी साठ वर्षं स्कोअर लिहिला, पण त्या वहीचं पान कधी उलटलं नाही. ती कोरी चौकट मला बघवत नाही."

मी त्यांची काठी खुर्चीला नीट टेकवून ठेवली.

निघताना त्यांनी विचारलं, "तुझे सासरे बरे आहेत ना?"

आमचे अण्णा, म्हणजे दामोदरपंत, जुलैपासून तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आलेले. पुण्यात विमा कंपनीत नोकरी आणि तीस वर्षं क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग. वैदेहीच्या सामन्याला एकदा नेले, तर ते प्रिन्सच्या शेजारी जाऊन बसले ते दर रविवारी तिथेच. प्रिन्सना मराठी येत नाही, अण्णांना डच येत नाही. दोघं एका वहीत बोट घालून तासन्‌तास बसतात, मान हलवतात, मध्येच हसतात. माझा नवरा अभिराम म्हणतो, बाबांचं माझ्याशी इतकं कधी जमलं नाही.

"बरे आहेत," मी म्हटलं. "आज फिरून आल्यापासून खोलीतच आहेत. थंडी बाधली असेल."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. भीती नव्हती ती. दुसऱ्याचं गुपित सांभाळणारा माणूस जसा गप्प होतो, तसे ते गप्प झाले. साठ वर्षांची जागा जात होती आणि हा माणूस कोणाला तरी पाठीशी घालत होता.

कोणाला?

५

दुपारी घरी आले. अभिराम कामाला फ्रँकफुर्टला, वैदेही शाळेत. सायकल लावली, किल्ली काढली आणि हात तसाच राहिला.

दाराबाहेर, डाव्या अंगाला, अण्णांच्या चपला होत्या. शेजारी शेजारी, नीट जुळवलेल्या. मी शंभरदा सांगितलंय, अण्णा, दार रस्त्यावर उघडतं, चपला आत घ्या. पण सत्तर वर्षांची सवय. उंबऱ्याच्या आत चप्पल जायची नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा!

सगळं एकदम जागच्या जागी बसलं. इथला चोर कुठेही शिरला तर बुटांसकट शिरेल. कुलूपबंद इमारतीत परक्याच्या किल्लीने पहाटे शिरतानासुद्धा पायरीवर पादत्राणं काढून ठेवणारा माणूस या गावात एकच. मोजे न घालता चपलांनी दवातून चालत आलेला, म्हणून पाय ओले. आत वावरताना ते वाळले, म्हणून परतीचे ठसे नाहीत. पांढरा सदरा-लेंगा. आणि केस नाहीत, कान नाहीत, ते माकडटोपीमुळे. ती टोपी मीच धुऊन वाळत घालत होते आणि भूत गावभर शोधत होते. अण्णा रोज साडेसहाला फिरायला जातात. कुठे जातात ते मी कधी विचारलं नव्हतं.

मला हसू आलं आणि लगेच थांबलं. कुलूप उघडून वस्तू नेली म्हणजे चोरीच. पोलीस आले तर? व्हिसा? अभिरामची नोकरी?

मी अण्णांच्या खोलीचं दार लोटलं. अण्णा खाली सतरंजीवर बसले होते. समोर देवघराचा पाट, त्यावर धुतलेलं उपरणं पसरलेलं, आणि उपरण्यावर ती वही.

"ये," अण्णा म्हणाले. "बरं झालं आलीस. मला दोन डच शब्द वाचून हवेत."

६

"अण्णा, तुम्ही काय केलंत हे!"

"ताळा," अण्णा शांतपणे म्हणाले.

मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. ठसे, कॉरी, रूड, प्रिन्सची गेलेली जागा. अण्णांचा चेहरा उतरला. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"त्याने मला आपणहून किल्ली दिली गं," ते म्हणाले. "त्या पेटीकडे बोट दाखवलं आणि स्वतःचे डोळे मिटून घेतले. मी नाही बघू शकत, तू बघ, असंच ना ते? दिवसा तिथे कोणी हात लावू देत नाही. तुला सांगितलं असतं तर तू मला जाऊ दिलं नसतंस."

तेही खरं होतं.

"मला हा खेळ नीट दिसत नाही. म्हणून रोज थोडे डाव वाचायचो आणि फळ्यावर आकडे लावून डोळ्यांसमोर आणायचो. काल त्या टोकाला उभा राहिलो. मान वर ठेवून चाललो तर चाळीस पावलांवर बांध पायाला लागतो. आता हे बघ. स्कोअररने सामना संपल्यावर काय करायचं? फलंदाजीच्या चौकटी मोजायच्या, क्षेत्ररक्षकांच्या रकान्याची बेरीज करायची. दोन्ही जुळले तरच सही. आपल्याकडे ताळा जुळल्याशिवाय मी कधी मैदान सोडलं नाही."

त्यांनी पान उलटलं. काचेत जे कधी दिसत नव्हतं ते मागचं पान. आमच्या नऊ खेळाडूंची नावं आणि प्रत्येकापुढे त्याने किती गडी बाद केले तो आकडा.

"चौकटींत बाद झालेले सव्वीस. यान प्रिन्सचे झेल दोन. आणि इथे?"

मी बेरीज केली. पुन्हा केली. सत्तावीस. यान प्रिन्सपुढे तीनचा आकडा होता.

"चूक असेल," मी म्हटलं.

"मलाही तेच वाटलं. म्हणून वही घरी आणली. या वहीत त्या वर्षीचे बारा सामने आहेत, दोन्ही बाजू धरून चोवीस ताळे. सकाळपासून सगळे तपासले. हे लिहिणाऱ्याचा एकही आकडा चुकलेला नाही. मग हाच बरा चुकेल? आता खालचं वाच. प्रत्येक सामन्याची बेरीज त्याने त्याच दिवशी केलीय. इथे तारीख वेगळी आहे, आणि पुढे दोन शब्द आहेत."

फिक्या पेन्सिलीत लिहिलं होतं: २ ऑक्टोबर. पुढे दोन डच शब्द. मी वाचले आणि अंगावर काटा आला.

'हातमोज्यात होता.'

दोन ऑक्टोबरला यानचं प्रेत सापडलं. स्कोअरर तिथे असणार. त्याने पाहिलं, आणि घरी येऊन मगच बेरीज केली. क्लबांच्या समितीने सामना तोवर अपूर्ण ठरवला असावा, म्हणून त्याने चौकटीला हात लावला नाही. पण खोटी बेरीज करणं त्याला जमलं नाही. चेंडू सुटलेला माणूस चेंडू हातात घेऊन बुडत नाही. यानने वर बघत, धावत, बांध चढत झेल घेतला आणि पुढच्या पावलाला पाणी होतं. बूट त्याने पाण्यात पोहायची धडपड करताना काढले असतील. उडी मारणारा काठावर काढून ठेवतो. काठावर बूट सापडल्याचं कोणीच कधी म्हटलं नव्हतं.

ब्याऐंशी वर्षं ती वही काचेत उघडी पडली होती आणि कोणी पान उलटलं नव्हतं.

७

शनिवारी सकाळी दहाला धुकं होतं. मी रूडच्या हातात वही दिली, करकोच्यांच्या अध्यक्षीणबाई शेजारी होत्या. अण्णा मागे उभे होते, कोट घालून, शिक्षेला तयार असल्यासारखे. मी सगळं सांगितलं, चपलांसकट. रूडने दोनदा बेरीज केली. मग तो अण्णांकडे वळला आणि वाकला. या वेळी वर दाराची चौकट नव्हती.

मेनेर प्रिन्सना आम्ही टेबलावर नेऊन बसवलं. वही समोर ठेवली. त्यांनी खूप वेळ डोळे उघडले नाहीत. अण्णांनी त्यांचा हात धरून बोट रकान्यावर ठेवलं, तेव्हा ते मोजायला लागले, पुटपुटत, नाव घेऊन घेऊन. शेवटी त्या दोन शब्दांवर आले.

"माझ्या आईला हे कळायला हवं होतं," ते म्हणाले. बस्स, एवढंच.

रूडने पेन्सिल पुढे केली. कोरी चौकट तुम्हीच भरा, म्हणाला. प्रिन्सनी नकारार्थी मान हलवली. "ही वही माझी नाही. ज्याची होती त्याने लिहून ठेवलंय."

अण्णांना शब्द कळले नसतील, पण त्यांनी जोरात मान डोलावली. दुसऱ्याच्या वहीत कोणी लिहीत नाही.

मग प्रश्न उरला की सामन्याचं काय करायचं. दोनशे माणसं कुंपणाशी उभी. दोन्ही संघ मैदानात, फलंदाज बॅट घेऊन तयार. करकोच्यांच्या बाईंनी माइक घेतला आणि सांगितलं की हा सामना १९२३ सालीच संपला आहे, दे रायखरने तो जिंकला आहे, आणि शेवटचा झेल यान प्रिन्सचा. कोणीच टाळी वाजवली नाही. धुक्यात ती शांतता इतकी गडद होती की वरच्या कालव्याचं पाणी काठाला लागलेलं ऐकू येत होतं.

सामना संपला की इथे दोन्ही संघ समोरासमोर रांगेने येऊन एकमेकांशी हात मिळवतात. एकही चेंडू न टाकता त्या दिवशी दोन्ही रांगा निघाल्या आणि हात मिळवत गेल्या. शेवटी करकोच्यांचा फलंदाज, विशीतला मुलगा, रांग सोडून स्कोअररच्या टेबलाशी आला. त्याने टोपी काढली आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या हेन्ड्रिक प्रिन्सपुढे हात केला.

"छान पकडलात," तो म्हणाला.

म्हातारा काठीशिवाय उठून उभा राहिला. त्याने तो हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "बाबांना सांगतो."